वरच्या उतारावरची कंदिली

२ एप्रिल

दादा,

आज सकाळी माळावर आईचं नाव वाचलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत. पुढे 'स्मृतिवन'. त्याखाली तुझं नाव, आणि त्याखाली झाडं लावून देणाऱ्या कंपनीचं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारी मोजपट्टी उभी होती. मोजपट्टी म्हणजे माझी सहकारीण. दिसेल ते मोजत सुटते, म्हणून वनस्पती केंद्रात तिला सगळे याच नावाने हाक मारतात. तिने विचारलं, "या कोण गं?" मी म्हटलं, "आई."

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. म्हणून हा कागद. तू नाही तर निदान वहिनी तरी पाकीट फोडेल.

काय पाहिलं ते सांगते. माळाचा वरचा उतार चाळणीसारखा झालाय. माणूस उकिडवा बसेल एवढा एकेक खड्डा, शेजारी लाल मातीचा ढीग, आणि खड्ड्यात काठीएवढं रोप, त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा धड काढलेली नाही. ओळीच ओळी, थेट माथ्यापर्यंत. मार्चभर उन्हाच्या लाटेमुळे आम्हाला माळावर जायची बंदी होती. पंखा लावून खोलीत बसा आणि जुनी कामं उरका, असा हुकूम होता. आम्ही बसलो. आणि त्याच उन्हात तुमचं मशीन खणत होतं.

तू म्हणशील, झाडंच लावली, बॉम्ब नाही टाकला. दादा, तिथे जंगल कधीच नव्हतं. सरकारी कागदावर ती जमीन पडीक आहे, कारण कागद लिहिणाऱ्याला उभं झाड दिसलं नाही. तो माळ आहे. तिथली निम्मी वस्ती जमिनीखाली असते. त्यातच आमची कंदिली. बोटभर उंचीची वेल, उन्हाळाभर मातीत कंद होऊन झोपलेली. वर पानसुद्धा नसतं. मशीनवाल्याला काय दिसणार?

पूर्वी ती आणखी दोन टेकड्यांवर होती. पाऊस वेळ सोडून यायला लागला, रात्री गार पडेनाशा झाल्या, तशी तिकडून गेली. अलीकडे फुलं यायची, पण शेंग धरायची नाही. साठवलेलं जुनं बी रुजत नाही, आम्ही सगळे प्रयोग करून पाहिले. जगात ती फक्त या वरच्या उतारावर होती. 'होती' असं आत्ता लिहून गेले आणि ते खोडावंसं वाटलं.

खालचा उतार अजून शाबूत आहे. तिथे चुन्याच्या खुणा मारून ठेवल्यात, पावसाच्या तोंडावर खणणार म्हणे. तू एक शब्द टाकलास तर थांबेल. दादा, फोन कर. भांडायला कर, पण कर.

बुटकी


९ एप्रिल

दादा,

तुझा फोन आला नाही. मी रोज माळावर जातेय. पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परत.

तिथला मुकादम बरा माणूस आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर इतकी ओरडले की माझाच आवाज फाटला. त्याने शांतपणे पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाला, "ताई, मला खड्डे सांगितले, मी खड्डे केले. खाली काय झोपलंय ते कुणी सांगितलं नाही." आता तो आम्हाला मातीचे ढीग चाळू देतो. मोजपट्टी आणि मी गुडघ्यावर बसून हातांनी माती फोडतो. बहुतेक कंद मशीनच्या दातांनी चिरलेले, इतक्या दिवसांच्या उन्हात भाजलेले निघतात. धड निघाले ते ओंजळभर. खरंच ओंजळभर, माझ्या दोन हातांत मावले.

ते केंद्रात नेले तर संचालकांनी दारातच हात वर केले. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेवरून उचललेला माल आत ठेवता येत नाही, जागा ज्यांना दिली त्यांची लेखी संमती आणा. म्हणजे कंपनीची. कंपनीला विचारलं तर ते म्हणतात, देणगीदार म्हणतील तसं. म्हणजे तू. सध्या ते कंद कुंड्यांमध्ये लावून आपल्या घरी ठेवलेत, मागच्या खोलीत, जिथे आईचं शिलाई मशीन आहे. घरात तीच एक खोली त्यातल्या त्यात गार राहते.

आता दुसरी गोष्ट. हे लिहू की नको असं झालंय, पण तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू?

काल मोजपट्टीने मला वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. मागच्या महिन्यातला, स्मृतिवनाच्या उद्घाटनाचा. डोक्याला टोपी घालून, हातात फावडं घेऊन पहिला खड्डा खणणारे गृहस्थ म्हणजे आपले बाबा. मी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बाबाच. त्या दिवशी ते मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणाले होते. संध्याकाळी मी विचारलंही होतं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणाले, "मोतीबिंदू अजून पिकला नाही."

घरी जाऊन मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला. ते असे बघू लागले, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे.

"तुला आवडणार नाही, हे मला माहीत होतं," म्हणाले. "दादाचं नाव काढलं की तू गप्प होतेस. म्हणून बोललो नाही."

"बाबा, तो माझा माळ आहे. मी तिथे कामाला जाते. इतकी वर्षं तिथेच जाते."

"तोच का तो?" ते खरोखर चकित झाले. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण तुझं गवत तर सगळीकडेच असतं ना गं?"

दादा, मला राग यायला हवा होता. पण आला नाही. एवढी वर्षं मी रोज डबा घेऊन कुठे जाते, हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

संमतीच्या दोन ओळी पाठव. आणि खालचा उतार थांबव.

बुटकी


२७ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ऑफिसच्या कागदावर, टाईप केलेलं. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

"झाडं लावली म्हणून सख्खी बहीण भांडते, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. आईला सावली मिळाली नाही. मी सावली लावतोय. तू गवत मोज."

वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. कागद घडी करून ठेवला, परत उघडला. बाबांना दाखवला नाही.

लोक हसतीलच, त्यात शंका नाही. हसतातही. इथे बातमी पसरलीय की वनस्पती केंद्रातल्या बाई वृक्षारोपणाला विरोध करतात. भाजीवाला परवा म्हणाला, "ताई, तुम्ही झाडांच्या वैरी कशा काय झालात?" केंद्राच्या फाटकावर कुणीतरी एक वाळकी फांदी बांधून गेलं. मोजपट्टीने ती सोडवली, सवयीने मोजली, आणि मग आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईबद्दल तू लिहिलंस, तर मीही लिहिते. ती भर उन्हात बसथांब्यावर उभी होती. बस उशिरा येत होती, थांब्याला छप्पर नव्हतं, आणि रस्ता रुंद करताना कडेची सगळी झाडं आधीच पाडलेली होती. तू विमानतळावरून सामान घेऊन थेट त्या रस्त्यावर गेलास, हे मला बाबांनी सांगितलं. तू तिथे किती वेळ उभा होतास, कुणाला माहीत नाही. मला ते समजतं. तुझं वन कुठून आलं, ते मला नीट समजतं रे.

पण त्यानंतर तू रुग्णालयाच्या जिन्यात मला म्हणालास, "सगळे तुला फोन करत होते. तू कुठे होतीस? गवतात?" ते वाक्य मी अजून गिळलेलंही नाही आणि थुंकलेलंही नाही. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आजही देत नाही. फक्त एवढंच म्हणते, आई माळावर नाही गेली दादा. रस्त्यावर गेली. सावली रस्त्याला हवी होती.

संमतीच्या दोन ओळी तू पाठवल्या नाहीस. कुंड्या घरीच आहेत. बाबा येताजाता त्यांच्याकडे बघतात. एकदा म्हणाले, "यात तर नुसतीच माती दिसते." मी म्हटलं, "ती झोपलीय बाबा. तिला काही करायचं नाही."

बुटकी


१९ मे

दादा,

आज मला नीट लिहिता येणार नाही.

मागच्या आठवड्यात अवेळी दोन सरी आल्या. ही हल्लीची तऱ्हाच आहे, पाऊस नको तेव्हा येतो आणि हवा तेव्हा तोंड फिरवतो. पण त्या सरींनी वरच्या उतारावर, खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यांत, कंदिलीचे कोंब वर आले. मशीनच्या दातांतून सुटलेल्या थोड्या कंदांचे. मोजपट्टीने केंद्रात परतल्यावर मला फोनवर एवढंच सांगितलं, "आहेत!" मी त्या दिवशी बाजारातून स्वतःसाठी नवी चप्पल घेतली, इतकी मी खुशीत होते. माझं मलाच हसू येत होतं, कंदाला कोंब आला म्हणून कुणी चप्पल घेतं का.

आज गेलो. सगळा वरचा उतार पिवळा. वाळलेल्या गवताचा नव्हे, औषधाचा पिवळा. हवेत तो उग्र वास. पाठीवर पंप घेतलेली दोन माणसं अजून माथ्यावर फवारत होती. मी मुकादमाकडे धावले.

"ताई, गवत रोपांचं पाणी खातंय, तणनाशक मारा, अशी वरून ऑर्डर आली."

"कुणाची?"

"वरून."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून, ताई. मला तरी कुठे माहीत?" तो माझ्याकडे बघतही नव्हता. "तुमच्या त्या कोंबांना मी काठ्या रोवून ठेवल्या होत्या. फवारणारी पोरं नवीन आहेत. त्यांनी काठ्या उपटून टाकल्या."

मोजपट्टी जिथे कोंब पाहिले होते तिथे बसून राहिली. टेप खिशातून काढलीच नाही तिने. कोंब जागच्या जागी वितळल्यासारखे झाले होते. औषध पानातून खाली कंदात उतरतं. म्हणजे ते कंदही गेले.

आता कुंड्या तेवढ्या राहिल्या. तेवढ्याच, दादा. सबंध जगात.

आणि मला पुढच्या आठवड्यात जावं लागणार आहे. आमच्या दुसऱ्या केंद्रातलं बी ठेवायचं शीतगृह उन्हाने बंद पडलंय, सगळ्यांना तिकडे बोलावलंय, बी हलवायला. कुंड्या मोजपट्टीकडे द्याव्यात म्हटलं, तर तीही येतेय, आणि तिच्या घराला पत्र्याचं छप्पर. आपली मागची खोलीच बरी. बाबांना सांगून ठेवलंय.

बुटकी


१२ जून

दादा,

परत आले. काम झालं. बी वाचलं, बरंचसं.

कुंड्यांबद्दल विचारू नकोस. तू विचारलेलंच नाहीस म्हणा.

बाबांची तब्येत ठीक आहे, पण जेवण अर्ध्यावर सोडतात. दिवसभर पुढच्या खोलीतच बसतात, मागे जात नाहीत. तू त्यांना फोन कर. काय झालं असं विचारू नकोस, हवापाण्याचं बोल, नातीशी बोलणं करून दे.

खालच्या उतारावर खणायला पंचविसाला मशीन येणार, असं मुकादमाने कळवलंय. मला आता कुणाशी भांडायचं त्राण नाही.

बुटकी


२८ जून

दादा,

दार उघडलं तर तू. केस किती पांढरे झालेत तुझे. मी "ये" म्हणायच्याऐवजी "बाबा झोपलेत" म्हणाले, एवढी गोंधळले होते.

बाबांनी तुला फोन केला होता, हे मला तुझ्याकडूनच कळलं. "तुझ्या बहिणीचे कंद तू डोंगरावर मारलेस आणि मी घरात," असं ते म्हणाले, आणि तू पुढचं विमान पकडलंस. जाताना तू मला विचारलंस, घरात नक्की काय झालं? तेव्हा बाबा समोर होते. आता लिहिते.

मी परत आले तेव्हा ते दारातच उभे होते, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखे. "बघ, एक दिवस चुकलो नाही," म्हणाले आणि मला हाताला धरून मागे घेऊन गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि वास आला. कुंड्यांखाली ताटल्या, ताटल्यांत पाणी. त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं होतं. दुपारी ऊन वाढलं की आणखी एकदा. माती चिखलासारखी काळी. कंदिलीच्या कंदाला झोपेत पाणी चालत नाही, थेंबभरसुद्धा. मी एका कुंडीत बोट घातलं. कंद बोटाखाली फुटला, नासलेल्या फळासारखा.

मी म्हणाले, "छान केलंत बाबा."

दुसरं काय म्हणणार होते? ते आनंदाने चहा टाकायला गेले. मी एकेक कुंडी मोरीत नेऊन उपडी केली. सगळे तसेच. हात धूत होते तर मागे ते उभे. कधीपासून उभे होते माहीत नाही.

"मेलं का?"

"हो."

"पाण्याने?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो," म्हणाले.

"तू म्हणाली होतीस खरी, काही करू नका. पण ते तू नेहमीच म्हणतेस. जिना चढू नका, चहा करू नका, काही करू नका. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून म्हणतेस." ते आईच्या मशीनच्या स्टुलावर बसले. आणि मग म्हणाले, "ती पाणी पाणी करत गेली गं. मी पोचलो तेव्हा तिचे ओठ असे झाले होते. घरात काहीतरी तहानलेलं आहे आणि मी तिथेच बसलोय, हे मला जमलंच नाही."

आई शेवटी पाणी मागत होती, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का? इतके दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मोरीच्या ओल्या फरशीवर बसले. चहा तिकडे उतू गेला.

हे झालं घरातलं. माळावरचं तू स्वतः पाहिलंस, पण मला ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण नंतर आपण त्याबद्दल काही बोललोच नाही.

तू बूट घालून खालच्या उताराच्या कडेला उभा होतास. मशीनने नुकताच पहिला खड्डा घेतला होता. तू म्हणालास, "यात आहे तरी काय?" मी तुला गुडघ्यावर बसवलं. घोट्याएवढ्या उंचीच्या त्या काटक्या दाखवल्या, तू त्यांच्यावरून दोनदा चालून गेला होतास. मग खड्ड्याची बाजू दाखवली. त्या काटक्यांच्या खाली, मातीत आडवं, मांडीएवढं जाड लाकूड. मशीनने मधोमध कापलेलं, आतून ओलं, लाल.

"हे कसलं मूळ?"

"मूळ नाही. खोड आहे. हे झाड आहे दादा. वरच्या आगीपासून आणि उन्हापासून जीव वाचवायला ते खालीच वाढतं. वर दिसतात त्या नुसत्या डहाळ्या."

"किती वर्षांचं असेल?"

"आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी ते असंच पाहिलं असतं."

तू हात लावून पाहिलास. बोटाला लागलेला रस बघत राहिलास. तुझा चेहरा इतका पांढरा पडलेला मी फक्त एकदाच पाहिलाय. "म्हणजे मी झाड लावायला झाड तोडलं?" असं तू म्हणालास. मला नाही, त्या खड्ड्यालाच.

मग तू कंपनीला फोन लावायला उठलास. फोन वर धरलास, डावीकडे गेलास, दगडावर चढलास. रेंज नव्हती. माथ्यापर्यंत गेलास, तिथेही नव्हती. परत येताना तू फोनकडे बघत होतास आणि मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलंस. रुग्णालयाच्या जिन्यात बघितलं नव्हतंस, तसं. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर मी रडले असते. तू फोन खिशात टाकलास आणि मुकादमाला हाताने खूण केलीस, बंद कर.

मशीन बंद झाल्यावर किती शांत वाटलं, नाही?

बुटकी


३० ऑगस्ट

दादा,

खालच्या उताराचा करार तू रद्द केल्याचं कंपनीने इथे कळवलं. संचालक आता मला दारात भेटून "कशा आहात?" विचारतात. उरलेली रोपं बसच्या रस्त्याला लावायचं तू सुचवलंस, त्याबद्दल मी नगरपालिकेत तीनदा जाऊन आले. तिथले साहेब अजून 'बघू'वरच आहेत. मुकादमाने आपणहून सांगितलंय, खड्डे करायचे तर मी येतो, या वेळी आधी विचारून खणीन.

बाबा परवा पहिल्यांदा माझ्याबरोबर माळावर आले. छत्री घेऊन, उन्हाची. गवताच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाय कुठे ठेवू?" मी म्हटलं, "ठेवा कुठेही, चालतं." तरी ते माझ्या पावलांवर पाऊल टाकतच आले. खालचा उतार फुलला होता. मोजपट्टीने त्यांना एकेकाचं नाव सांगितलं, त्यांना एकही लक्षात राहिलं नाही, ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

वरच्या उताराचं मात्र तुला सांगायचंय. बाबा म्हणतात, दादाला इतक्यात सांगू नकोस, तो आधीच खचलाय. पण आपल्या घरात एकमेकांना जपायच्या नावाखाली फार गोष्टी न सांगता राहिल्या. त्यामुळे सांगते.

कंदिली यायची वेळ येऊन गेली. आम्ही रोज गेलो. ओळीने, गुडघ्यावर, हाताने गवत बाजूला करत, वरपासून खालपर्यंत. नवीन आलेल्या दोन मुलींना घेऊन पुन्हा केलं, कारण आमचे डोळे थकले असतील असं वाटलं. तिकडच्या दोन जुन्या टेकड्याही पालथ्या घातल्या. ती कुठेच नाही. तुझी रोपंसुद्धा निम्मी वाळलीत, त्या मातीत ती जगतच नाहीत.

संपली, दादा. केंद्रात आम्ही अजून हा शब्द वापरत नाही, 'आढळली नाही' म्हणतो. काही वर्षं तसंच म्हणायचं असतं. तुला मात्र मी खरं ते लिहिलं.

बुटकी


१४ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या पळाल्यासारखं.

मला वाटलं होतं तू माफी मागशील, किंवा स्वतःला बोल लावून घेशील, आणि मला त्याला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नसतं. तू एवढंच लिहिलंस, "मी तिला पाहिलीच नाही. कशी दिसायची ते सांग." मी पत्र घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले.

फोटो आहेत, पाठवीन. पण फोटोत ती फार मोठी दिसते. प्रत्यक्षात फूल तुझ्या करंगळीएवढं. फिकट हिरवी नळी, तळाशी फुगलेली. वरच्या पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मधून फटी, म्हणून कंदिली. फटींतून आत पाहिलं तर जांभळं दिसायचं. गवतात ती सापडायला आधी डोळे स्थिर करावे लागायचे. एक दिसली की मग आसपासच्या दिसायला लागायच्या.

वास चांगला नव्हता. ओलं फडकं कोपऱ्यात राहून गेलं की येतो तसला. मोजपट्टी नाक धरायची. पण तो वास आपल्यासाठी नव्हताच. तिळाएवढी एक माशी होती, तिच्यासाठी होता. संध्याकाळी ती माशी यायची, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरायची आणि नळीत घसरायची. आत बारीक केस असायचे, सगळे खाली तोंड केलेले. उतरता यायचं, वर चढता यायचं नाही. ती तळाशी अडकून पडायची. माझी पहिली वर्षं होती तेव्हा मला दया यायची, वाटायचं फूल फाडून तिला सोडवावं. एकदा फाडलंही, आणि संचालकांची बोलणी खाल्ली.

सोडवायची गरज नसायची. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की आतले केस आपोआप सुकून गळायचे. ताठ उभी असलेली नळी हळूहळू झुकायची. आणि ती माशी पाठीवर पिवळे पराग घेऊन आतून चालत बाहेर यायची. पाकळीच्या कडेवर थोडा वेळ बसायची, पुढचे दोन पाय एकमेकांवर घासायची, पंख पुसायची. आम्ही श्वास रोखून बघत असायचो. मग ती उडायची आणि जरा पलीकडे, पुढच्या फुलात जाऊन पुन्हा शिरायची.

तेव्हा पुढचं फूल असायचं.

बुटकी